अक्काच्या गाडीतली मागची सीट

अक्का गेल्याची बातमी मला माझ्या नवऱ्याकडून कळली. सख्खी धाकटी बहीण मी, आणि भल्या सकाळी फोन वाजला तो त्यांचा. मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत उभी होते. बाहेरच्या खोलीतून "हं… हं… कधी?" एवढंच ऐकू आलं. ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांनाच काहीतरी होतंय. "अक्का गेल्या," म्हणाले. झोपेतच गेली ती. तिचा मुलगा माधव आदल्या दिवशी महादेवपुऱ्याहून आईकडे राहायला आला होता, म्हणून निदान लगेच कळलं. अशी बातमी ऐकल्यावर माणसानं कोसळायला हवं. माझ्या मनात मात्र, खरं तेच सांगते, सगळ्यात आधी हे आलं की माधवनं फोन यांना का केला, मला का नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं, दिवसकार्य झालं, पण तो प्रश्न काही गेला नाही. मला माझ्या बहिणीचा हेवा वाटायचा. लहानपणी वाटायचा, साठी उलटल्यावर तर फारच वाटायला लागला, आणि ती गेल्यावर तरी थांबेल म्हटलं तर तसंही झालेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, ते मी लिहीनच, कारण अक्कात चांगलं पुष्कळ होतं. नसतं तर मला हेवा तरी कशाला वाटला असता?

अक्काचं नाव सुलोचना. पण आम्ही बंगळूरचे जुने मराठी, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलायची आणि तिच्यात कानडी कधी येऊन बसलं ते कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे थोरली ती अक्का आणि धाकटी मी पुट्टी. माझा नवरा पुण्याचा. नोकरीच्या निमित्तानं इथं आला आणि माझ्याशी लग्न करून इथलाच झाला. अक्का त्यांना दिनकरराव म्हणायची. मी एरवी नाव घेत नाही, पण इथं सारखं 'हे' 'हे' केलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून मीही आज दिनकररावच म्हणते.

आणि या सगळ्यात चौथी होती ती अप्पांची गाडी. आमच्या वडिलांनी, मी तिसरी-चौथीत असताना, कँटोन्मेंटमधल्या एका डॉक्टरांकडून ती जुनीच विकत घेतली होती. मद्रासला बनलेली, फिकट निळी, दोन दारांची छोटीशी गाडी. मल्लेश्वरमच्या अरुंद रस्त्यात जागच्या जागी वळायची, त्याचं अप्पांना फार कौतुक. दोन दारांची गाडी घरात आली की घरातल्या माणसांचे दोन वर्ग पडतात, हे मात्र अप्पांच्या लक्षात आलं नव्हतं. पुढची सीट पाडल्याशिवाय मागच्याला आत जाता येत नाही आणि पुढचा उतरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. अक्काला मागे बसलं की मळमळतं, असं घरात ठरून गेलं होतं. त्यामुळे अप्पांच्या शेजारी पुढे अक्का, आणि आई बरोबर असली तरी ती आणि मी मागे. मी डाव्या कोपऱ्यात. ती जागा माझी. म्हणजे दिलेली, मी मागितलेली नव्हे.

कॉफीची पूड आणायला जायचं म्हणजे अप्पा आणि अक्का उतरायचे. "आलोच, पुट्टी," असं म्हणून अक्का दार लावायची, आणि दुकानात पूड दळून होईपर्यंत मी आत. काचेतून मला दोघांच्या पाठी दिसायच्या. अप्पांनी तिला गिअर टाकायला शिकवलं, बॉनेट उघडून प्लग पुसायला शिकवलं. मला पुसायचं कापड धरायला दिलं होतं, तेही एकदा. अक्का अभ्यासात हुशार, हात स्थिर, रेघ मारली तर पट्टी न लावता सरळ. पुढे एका कारखान्यात तिनं ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, यंत्रांची चित्रं काढायची. मी भिशीची हौशी, गप्पांची हौशी. अप्पा मला हसून 'आमची आकाशवाणी' म्हणायचे, आणि गाडीत बसताना शेजारी अक्काला घ्यायचे.

अप्पा गेले, अक्का लग्न होऊन यशवंतपूरला गेली, आणि आईला सोबत म्हणून आम्ही दोघं मल्लेश्वरमच्या घरी राहिलो ते राहिलोच. गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी. तिच्याकडे बघणारी मी एकटी. दर वर्षी खंडेनवमीला, सगळं बंगळूर आपापल्या गाड्या धुऊन झेंडू घालतं तेव्हा, मीही तिची पूजा करायची. बॉनेटवर तांब्याभर पाणी, हळदकुंकू, नारळ फोडून त्याचं पाणी, पुढं कोहळा. चाकांखाली लिंबं ठेवायची. गाडी काही पुढे जाऊन ती चिरडणार नव्हती, म्हणून मीच पायानं चिरडायची. इतकी वर्षं हे केलं. मग अक्काचा नवरा, आमचे भावजी, वारले, अक्का निवृत्त झाली, आणि एक दिवस आमच्याकडे येऊन, अंगणात उभी राहून म्हणाली की अप्पांची गाडी मी घेऊन जाते, घरीच दुरुस्त करते. विचारलं नाही, सांगितलं. माझ्या तोंडून 'ने की' असं निघून गेलं, कारण मला वाटलं होतं, महिनाभरात कंटाळेल.

गाडी न्यायला यशवंतपूरच्या बाजारातला कांदे वाहणारा टेम्पो आला. फळ्या लावून ती वर चढवताना खालच्या पत्र्याचा एक मोठा तुकडा गळून अंगणात पडला आणि तो उचलायला गेले तर हातात भुगा झाला. दिनकरराव टेम्पोत दोरी धरायला म्हणून गेले. दोरी धरायला गेलेला माणूस दोन वर्षं परत आला नाही असं मी म्हणते, ते अगदीच खोटं नाही. जेवायला आणि झोपायला घरी यायचे, एवढंच. सकाळचा पेपर वाचून झाला की पायात चपला आणि "जरा अक्कांकडे जाऊन येतो." हा तोच माणूस, ज्याला घरातला गळका नळ दुरुस्त करायला सांगितला तर प्लंबरचा नंबर माझ्यापुढे धरायचा. स्वतःचा चष्मा कुठाय हेसुद्धा मला विचारायचा. तिकडे मात्र गंजलेला बोल्ट निघावा म्हणून रॉकेल सोडून दोन-दोन दिवस वाट बघायची तयारी. त्यांच्या शर्टांना रॉकेलचा आणि ग्रीसचा वास यायला लागला. ते शर्ट धुवायचे कुणी, हे सांगायला नको.

पहिल्याच आठवड्यात अक्कानं शोध लावला. गाडीचा पत्रा सगळीकडे गंजला होता, पण पायाखालचा पुढचा भाग नुसता गंजला नव्हता, सडून गेला होता. कारण काय, तर काचेच्या खाली जी खोबण असते तिच्यातून वर्षानुवर्षं पाणी आत उतरत राहिलं. शेड असताना पाणी आलं कुठून? अक्कानं खोबणीत बोट घातलं आणि मला दाखवलं. बोटाला कुंकू होतं. "पुट्टी, तू पूजा केलीस, गाडीनं तीर्थ घेतलं," म्हणाली. दिनकरराव हसले. मीही हसले, पण आतून पेटले. जिला इतकी वर्षं हार घातला, जिच्या टपावरची वाळकी पानं मी झाडली, तिला गंजवली म्हणे मीच, आणि उद्धार करणार कोण, तर अक्का.

त्या गाडीची एक तऱ्हा होती, आणि माझ्या मते सगळं तिथं बिघडलं. तिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हतं. दिव्यांसकट, मडगार्डसकट पुढचा सगळा भाग उचलून पुढे कलंडायचा, आणि इंजिन, पुढची दोन चाकं, सगळं उघडं पडायचं. काम करणाऱ्यानं वाकायची गरजच नाही. टायरवर बसायचं. एका टायरवर अक्का, दुसऱ्या टायरवर दिनकरराव, मध्ये इंजिन. समोरासमोर, कोपरांपर्यंत हात काळे, अक्काच्या अंगात साडीवरून भावजींचा जुना फुलशर्ट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. स्टीलचे कॉफीचे पेले बॅटरीच्या जागेवर ठेवलेले. अक्का काही न बोलता हात पुढे करायची आणि दिनकरराव त्या हातावर नेमका हवा तो पाना ठेवायचे. मी डबा घेऊन फाटकातून आत आले की हे चित्र. दोघंही मान वर करून "आलीस का," म्हणायचे, मनापासून म्हणायचे, पण गाडीला पुढची चाकं दोनच असतात. मला अक्का खुर्ची आणून द्यायची. खुर्चीवर बसले की मी पाहुणी.

लोकांनी काही वेडंवाकडं मनात आणू नये. तसलं काही नव्हतं, आणि मला तसला संशय एकदाही आला नाही. संशय आला असता तर सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं. मला अक्काचा हेवा वाटायचा की माझा नवरा तिच्याकडे असा खुलतो. आणि त्याहून जास्त, हे मला पुढे कळायला लागलं, मला नवऱ्याचा हेवा वाटायचा. अक्काच्या समोर बसायची जागा त्यांना मिळाली होती. मी ती जागा तिसरी-चौथीपासून मागत होते.

मीही हातभार लावायचा प्रयत्न केला. एकदा दोघं सामान बघायला बंगळूरच्याच शिवाजीनगरला गेले होते. तिथल्या जुन्या बाजारात फिरून फिरून ते कुठून कुठून दाराच्या मुठी, काचेची रबरं, असलं काय काय शोधून आणायचे आणि येताना तिथंच कुठंतरी बिर्याणी खाऊन यायचे, मी घरी सारभात करून ठेवलेला असताना. तर ते गेले असताना मी अक्काच्या घरी थांबले होते. पडवीत बघते तर मसाल्याचे जुने डबे, आणि त्यांत बोल्ट, नट, वायसर असं सगळं खिचडी करून ठेवलेलं. एकाच वाटीत मोठे, छोटे, लांब, आखूड. म्हटलं, यांना शिस्त नाही. बसले, सगळे उपडे केले, रॉकेलमध्ये धुतले आणि मापाप्रमाणे लावून ठेवले. सगळ्यात छोटे मोहरीच्या वाटीत, त्याहून मोठे जिऱ्याच्या, असं. मन लावून केलं. दोघं आले, डबा उघडला, आणि एकमेकांकडे बघितलं. त्या वाट्या मापाप्रमाणे नव्हत्या, जागेप्रमाणे होत्या. दाराचे एका वाटीत, पुढच्या चाकाचे दुसऱ्या वाटीत. अक्का रागावली असती तर चाललं असतं. ती पडवीच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिला बघून दिनकररावही हसत सुटले. पुढे कितीतरी दिवस प्रत्येक बोल्ट हातात घेऊन 'हा कुठला' असा त्यांचा खेळ चालला होता, आणि खरं सांगायचं तर त्या खेळात त्यांना मजाच वाटत होती. म्हणजे मी बिघडवलं तेही त्यांच्याच पथ्यावर पडलं.

पण अक्काचं काम बघण्यासारखं होतं, हे मला नाकारता येणार नाही. सडलेला पत्रा कापून काढायच्या आधी तिनं पुठ्ठ्याचे साचे केले. वेल्डिंगवाला घरी यायचा तेव्हा नवा पत्रा आधीच मापात कापलेला असायचा. तारेच्या ब्रशनं घासून घासून तिनं पूर्ण सांगाडा चकचकीत केला, त्यावर तांबडा रेड ऑक्साइड लावला, आणि मग कुठं रंग. निळा रंग मिळेना. दुकानदार दाखवेल तो निळा तिला पटेना. शेवटी ती मला घेऊन गेली, आणि म्हणाली, "पुट्टी, तू मागे बसून गाडीच बघत होतीस. तू सांग कुठला." मी बोट ठेवलं त्या निळ्यात गाडी रंगली. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण बाकी कुणी सांगणार नाही.

गाडी चालू झाली, फिटनेसच्या परीक्षेत एकदा हँडब्रेकवरून अडली, मग पास झाली, आणि एका रविवारी पहिला फेरफटका ठरला. यशवंतपूरहून आमच्या घरापर्यंत. अक्का चालवणार. इंजिनाचा आवाज ऐकायला जाणकार माणूस शेजारी हवा, म्हणून दिनकरराव पुढे. सीट पुढे पाडली गेली, आणि मी, बासष्टाव्या वर्षी, गुडघे सांभाळत, पदर आवरत, त्याच डाव्या कोपऱ्यात. पुढे दोघांच्या माना. मला त्या माना बघवेनात, म्हणून मी सगळा रस्ता तोंड खिडकीकडे करून बसले. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, स्कूटरवाले अंगठा वर करून दाखवत होते. अक्काला ते कुठं दिसत होतं कुणास ठाऊक, ती आपली शांत चालवत होती. घरापाशी गाडी थांबली. दोघं उतरले, बॉनेट पुढे कलंडवलं आणि कुठंतरी कसलासा थेंब गळत होता त्यावर दोघांची चर्चा सुरू झाली. मी आत. मागून सीट ढकलून बाहेर पडता आलं असतं, गुडघ्यांनी कुरकुर केली असती तरी. पण मी नाही पडले. मला बघायचं होतं, कुणाला आठवण होते. काचेतून बॉनेटचा निळा पत्रा तेवढा दिसत होता. बऱ्याच वेळानं अक्का धावत आली, दार उघडून म्हणाली, "अय्यो, पुट्टी…" मी तिच्या हाताला हात न लावता उतरले.

त्यानंतर दर रविवारी फेरी असायची, आणि दर रविवारी मी जायची. न जाऊन कसं चाललं असतं? मी गेले नसते तर ते दोघंच गेले असते. मी मागे बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. मध्येच एक बरी गोष्ट झाली. एकदा दिनकरराव घरी आले ते कुरकुरतच. अक्का सगळं ऐकतात, पण आतला आरसा नीट लावत नाहीत. मागून येणारा ट्रक दिसायला हवा की नको? दिनकरराव आरसा सरळ करायचे आणि ती परत खाली वाकवायची. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. अक्का म्हणे, "बाजूचे आरसे आहेत ना दिनकरराव, मला पुरतात. हा मला असाच हवा." तोपर्यंत त्यांच्यात एका शब्दाचा वाद झालेला मी ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी मी आपणहून भजी तळली.

शेवटची भेट, ती शेवटची आहे हे ठाऊक नसताना, तशाच एका रविवारी झाली. सँकी तळ्यापाशी अक्कानं गाडी झाडाखाली लावली आणि दिनकरराव शहाळी आणायला रस्ता ओलांडून गेले. गाडीत आम्ही दोघीच. ती पुढे, मी मागे, माझं तोंड तळ्याकडे. तिनं मान वळवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "पुट्टी, मला मागे बसून कधी मळमळलं नाही गं."

मला आधी कळेना ती काय म्हणतेय. मग कळलं. म्हटलं, "मग?"

"अप्पांजवळ बसायचं होतं मला." पुढे म्हणाली, "तुला राग आला."

"नाही."

"आलाय. दिसतंय मला." मग स्वतःशीच हसल्यासारखी म्हणाली, "पुढे ये की स्वल्प. दिनकररावांना मागे टाकू."

मी म्हटलं, "राहू दे. मला आता सवय झालीय." तेवढ्यात शहाळी आली. माझं शहाळं मला खिडकीतून देताना दिनकररावांनी विचारलं, काय झालं, आणि आम्ही दोघींनी एकदम "काही नाही," म्हटलं. परतीच्या रस्त्यात मी बोलले नाही. सगळं लहानपण एका खोट्या मळमळीवर गेलं, आणि हे ती मला शहाळं यायच्या आधी सहज सांगून टाकते… त्यानंतरच्या रविवारी मला थोडा ताप होता, म्हणून फेरी झाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारच्या आतच अक्का गेली.

दिवसकार्याला माणसं खूप आली. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी, गल्लीतले, बाजारातले. बरेचजण दिनकररावांचा हात हातात घेऊन उभे राहिले. "तुमची तर जोडीच होती गाडीवरची," म्हणाले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेले. दिनकरराव रडत होते. मला त्यांच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला, इतकं ते साधं आणि स्वच्छ होतं. माझ्या रडण्यात सारखी ती मळमळ मध्ये यायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माधवनं मला अक्काच्या साड्या दिल्या. म्हणाला, "मावशी, आईनं सांगितलं होतं, साड्या तुला. आणि गाडी काकांना." म्हणजे माझ्या वडिलांची गाडी माझ्या नवऱ्याला. मी नुसतं "सरी, बरं," म्हटलं. त्याच्यावर चिडून काय उपयोग? साड्यांचं गाठोडं उचलून घरी आले आणि कपाटात न ठेवता तसंच कोपऱ्यात टाकलं, ते अजून तिथंच आहे.

दिनकरराव काही गाडी आणायला जाईनात. किल्ली घेऊन आले, पण म्हणाले, "त्या सीटवर मला नाही बसवत." शेवटी माधवनंच टेम्पो ठरवला. उत्तम चालणारी गाडी बाजारातल्या टेम्पोवर चढून आली, तेव्हा गल्लीतले लोक विचारायला लागले, बिघडली का? ती परत जुन्या जागी, शेडखाली उभी राहिली. इतके दिवस तिला कुणी हात लावला नव्हता. दिनकरराव अंगणात जायचे, लांबून बघायचे आणि परत यायचे.

परवा दुपारी ते झोपले असताना मी किल्ली घेतली. मला बघायचं होतं, तिथून काय दिसायचं. पुढून जग कसं दिसतं ते या जन्मात मला ठाऊक नव्हतं. उजवं दार उघडलं आणि अक्काच्या जागेवर बसले. सीट मागेपुढे करावी लागली नाही. अक्का आणि मी उंचीनं अगदी सारख्या, बहुतेक तेवढंच आमच्यात सारखं. स्टिअरिंगवर हात ठेवले. समोर आमचंच अंगण, तुळस, वाळत घातलेले कपडे. विशेष काही नव्हतं. मग मान वर करून आरशात बघितलं.

आरशात रस्ता नव्हता. मागची काच नव्हती, फाटक नव्हतं. आरसा खाली आणि डावीकडे वाकवलेला होता, आणि त्यात मागच्या सीटचा डावा कोपरा दिसत होता. तेवढाच. मी टेकायला न्यायचे ती छोटी उशी अजून तिथं होती. पहिल्या फेरीपासून अक्का मागचे ट्रक सोडून माझं फुगलेलं तोंड बघत गाडी चालवत होती. यशवंतपूरपासून मल्लेश्वरमपर्यंत, तळ्यापाशी, शहाळं येईपर्यंत. दिसतंय मला, म्हणाली होती. त्या सगळ्या रविवारांत मी एकदा जरी खिडकी सोडून समोर बघितलं असतं, तर आरशात मला तिचे डोळे दिसले असते.

किती वेळ बसले ठाऊक नाही. दिनकरराव जागे होऊन अंगणात आले. मला त्या सीटवर बघून थबकले. मग वाकून आत बघत म्हणाले, आरसा पुन्हा वाकडाच आहे, सरळ करतो, आणि हात आत घातला. मी तो हात धरला. म्हटलं, या आरशाला कुणी हात लावायचा नाही. मी गाडी शिकणार आहे, उद्याच क्लासात नाव घालते. माझी उंची अक्काएवढी आहे, मला असाच चालेल. ते म्हणाले, "मग मागचं कसं दिसेल?" मी म्हटलं, बाजूचे आरसे आहेत. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. मग म्हणाले, "आणि मी कुठं बसू?"

"तुम्ही मागे बसा."

त्यांनी वाद घातला नाही. वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडलं, सीट पुढे पाडली आणि गुडघ्यावर हात ठेवून कण्हत आत शिरले. दाराजवळ पडतो तोच डावा कोपरा, तिथंच टेकले, आणि माझी उशी मांडीवर घेतली. आरशात त्यांचा चेहरा आला. म्हातारा, थकलेला, अक्कावाचून पोरका झालेला. मला त्यांची दया आली, खरंच आली. तरीही मी म्हटलं, "तिथं नको. उजवीकडे सरका. ती जागा माझी आहे."

त्यांनी उशी परत कोपऱ्यात ठेवली, आणि ते सरकले.